आर्ट प्रोजेक्टर स्टँडवर बसवणे आणि कॅनव्हासशी जुळवणे: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

छोट्या संदर्भचित्रावरून मोठ्या कॅनव्हासवर किंवा भिंतीवर प्रमाणबद्ध बाह्यरेषा उतरवण्यासाठी आर्ट प्रोजेक्टर वापरला जातो. यंत्र सुरू करून चित्र समोर पाडणे हे काही मिनिटांचे काम आहे. पण मूळ चित्रातला चौकोन कॅनव्हासवरही चौकोनच राहावा, चेहरा कपाळाकडे रुंद आणि हनुवटीकडे निमुळता होऊ नये आणि निम्मे ट्रेसिंग झाल्यावर सगळे चित्र बोटभर सरकू नये, याची तजवीज आधी करावी लागते. ही सगळी तजवीज एका अटीभोवती फिरते: प्रोजेक्टरच्या आत ज्या प्रतलात चित्र आहे ते प्रतल आणि समोरच्या कॅनव्हासचे प्रतल एकमेकांना समांतर असले पाहिजे. स्टँडची जागा, उंची, यंत्राचा कल हे सारे या एका अटीसाठी जुळवायचे असते. मेनूतील कीस्टोन दुरुस्ती, म्हणजे तिरके पडलेले चित्र यंत्राकडूनच सरळ करून घेण्याची सोय, हा त्याला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे पुढे ओघाने येतील.

आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे

चित्रकार वापरतात ती यंत्रे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार ओपेक प्रोजेक्टरचा. यात छापील फोटो किंवा कागदावरचे रेखाटन एका काचेच्या खिडकीशी ठेवतात, आतल्या तीव्र दिव्याचा प्रकाश त्यावर पडतो आणि परावर्तित झालेला प्रकाश आरसा व लेन्स यांतून बाहेर येतो. आरसा नसेल तर अक्षरे उलटी उमटतील. म्हणून तो आरसा यंत्राचा अविभाज्य भाग असतो. त्याचा परावर्तक लेप बहुधा काचेच्या मागे नसून पुढच्या पृष्ठभागावर असतो, त्यामुळे त्याला बोट लावू नये आणि फडक्याने घासू नये; धूळ असेल तर रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवावी. अशा अनेक यंत्रांत चित्राची खिडकी साधारण १३ ते १८ सेंटीमीटर बाजूची असते. चित्र त्याहून मोठे असेल तर ते तुकड्यातुकड्यांनी उतरवावे लागते, किंवा आधी त्याची छोटी प्रत काढून घ्यावी लागते. दुसरा पर्याय केव्हाही चांगला, कारण तुकड्यांचे सांधे जुळवताना नवख्याची दमछाक होते.

दुसरा प्रकार डिजिटल प्रोजेक्टरचा. यात चित्र फाइलच्या रूपात असते, त्यामुळे ते कापता येते, करड्या छटांत बदलता येते आणि त्यावर आखणीच्या चौकटी चढवता येतात. मात्र याची एक खोड आधीच ओळखून ठेवावी. ओपेक यंत्रात लेन्सच्या अगदी समोर चित्राचा मध्य पडतो. घरगुती आणि कार्यालयीन वापराच्या बहुतेक डिजिटल यंत्रांत मात्र चित्र लेन्सच्या उंचीपासून वर फेकले जाते. टेबलावर ठेवलेल्या प्रोजेक्टरचे चित्र पडद्यावर वर दिसावे, यासाठी ही रचना केलेली असते. ती माहीत नसल्यामुळे नवखा माणूस लेन्स कॅनव्हासच्या मध्यासमोर आणतो, चित्र वर गेलेले पाहून यंत्राचे तोंड खाली झुकवतो आणि तिथूनच सगळी विकृती सुरू होते. यंत्र सपाट टेबलावर ठेवून, स्पिरिट लेव्हलने समतल करून रिकाम्या भिंतीवर चित्र पाडावे आणि लेन्सची उंची चित्राच्या खालच्या कडेशी जुळते, मध्याशी जुळते की या दोहोंच्या मध्ये कुठे येते, हे मोजून लिहून ठेवावे. स्टँडची उंची ठरवताना ही नोंद हाताशी लागते.

स्टँड आणि त्याचे डोके

ट्रायपॉड असो वा खाली चाके असलेला ट्रेचा स्टँड, त्याची वजन पेलण्याची क्षमता यंत्राच्या वजनाच्या निदान दुप्पट असावी. फरशी थोडीशी उंचसखल असेल तर तीन पायांचा स्टँड चार पायांपेक्षा बरा, कारण तीन टोके कुठल्याही पृष्ठभागावर एकाच वेळी टेकतात. चार पायांच्या स्टँडचा एक पाय अधांतरी राहून तो डुगडुगतो. चाके असतील तर प्रत्येक चाकाचे कुलूप लावून स्टँड हलका ढकलून पाहावा. कुलूप लावूनही तो मिलिमीटरभर जरी सरकला, तरी चाके काढून पाय थेट जमिनीवर टेकवणे श्रेयस्कर.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवावेत आणि उंची शक्यतो पायांच्या नळ्या लांबवून मिळवावी. मधला दांडा वर काढणे सोपे असते खरे, पण तो जितका वर जातो तितके यंत्र हेलकावते. एक पाय कॅनव्हासच्या दिशेला ठेवावा, म्हणजे यंत्राचे वजन पुढे झुकले तरी त्याखाली आधार राहतो. मधल्या आकड्याला वाळूची पिशवी अडकवल्यास स्थैर्य वाढते. मात्र ती लोंबकळत झोके घेणार नाही, जमिनीला जेमतेम टेकेल, इतकी खाली सोडावी.

ट्रायपॉडच्या डोक्याबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. छायाचित्रकारांना आवडणारे बॉल हेड या कामाला गैरसोयीचे असते, कारण त्याची एकच चावी सैल केली की यंत्र वर-खाली, डावी-उजवीकडे आणि स्वतःच्या अक्षाभोवती अशा तिन्ही दिशांनी एकदम मोकळे होते. एक चूक सुधारताना बाकीच्या दोन नव्याने निर्माण होतात. तीन दिशांना तीन स्वतंत्र दांड्या असलेले डोके घ्यावे. दातेरी चाकांनी फिरणारे मिळाले तर फारच उत्तम. लहान डिजिटल प्रोजेक्टरच्या तळाशी बहुधा कॅमेऱ्यासारखेच पाव इंची आट्यांचे छिद्र असते. स्क्रू हाताने सहज फिरेल तितकाच बसवावा, कारण तो गरजेपेक्षा लांब असला आणि जोर लावून पिळला, तर आतल्या भागांना इजा होऊ शकते. छिद्र नसलेले यंत्र ट्रेवर ठेवून पट्ट्याने आवळावे. पट्टा हवेच्या जाळीवरून जाणार नाही, हे पाहावे.

पहिले पाऊल: कॅनव्हास उभा करणे

प्रोजेक्टरला हात लावण्याआधी कॅनव्हास पक्का करावा. ईझलवर कॅनव्हास नेहमी किंचित मागे कललेला असतो, आणि रंगवताना तो कल सोयीचाही असतो. पण प्रोजेक्शनसाठी तो त्रासदायक ठरतो. समजा, ६० सेंटीमीटर रुंद आणि ८० सेंटीमीटर उंच कॅनव्हास मागे ५ अंश कलला आहे आणि समतल ठेवलेले यंत्र त्याच्या मध्यासमोर २ मीटरवर आहे. कॅनव्हासची वरची कड यंत्रापासून लांब आणि खालची जवळ असल्यामुळे वरची रुंदी खालच्यापेक्षा सुमारे २ सेंटीमीटरने जास्त भरते. निसर्गचित्रात हे कदाचित खपून जाईल, पण व्यक्तिचित्रात किंवा इमारतीच्या रेखाटनात ते लगेच नजरेत भरते.

म्हणून ईझल ओळंब्यात उभे करावे. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधून तो कॅनव्हासच्या वरच्या कडेवरून सोडावा. दोरा आणि कॅनव्हास यांतील अंतर वर-खाली सारखे भरले की काम झाले. ईझल तेवढे सरळ होत नसेल तर कॅनव्हास सरळ भिंतीला टेकवून, खाली ठोकळे देऊन उभा करणे सोपे पडते. काही कारणाने कल ठेवावाच लागला, तर यंत्रालाही तितकाच कल द्यावा: ५ अंश मागे झुकलेल्या कॅनव्हाससाठी यंत्र ५ अंश खाली झुकलेले असावे आणि २ मीटर अंतरावर ते मध्यापेक्षा सुमारे १७ सेंटीमीटर वर असावे. मोबाइलमधील कोनमापक दोन्हीकडे टेकवून हे कोन पडताळता येतात.

यानंतर कॅनव्हासवर अगदी फिकट पेन्सिलीने उभी आणि आडवी मध्यरेषा आखावी. चारही कोपऱ्यांपासून मोजून काढलेला हा मध्यबिंदू पुढच्या प्रत्येक पायरीला लागणार आहे, म्हणून तो अंदाजाने ठरवू नये. कॅनव्हासची चौकटच काटकोनात नसेल, तर तेही याच वेळी गुण्या लावून कळते. चौकट वाकडी असताना प्रोजेक्टर कितीही जुळवला तरी चारही कडा एकदम जुळणार नाहीत, आणि दोष यंत्राचा समजून तासभर वाया जातो.

दुसरे पाऊल: संदर्भचित्राची तयारी

डिजिटल यंत्रासाठी चित्र कॅनव्हासच्याच प्रमाणात कापून घ्यावे. ६० बाय ९० सेंटीमीटरच्या कॅनव्हासला २:३ हे प्रमाण लागेल. त्या चित्राच्या कडेने एक बारीक चौकट, मध्यावर फुली आणि चार कोपऱ्यांच्या थोडे आत चार छोट्या फुल्या काढून त्याची वेगळी प्रत जतन करावी; शिवाय मध्यावर एक वर्तुळही काढावे. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये चित्र ताणून पूर्ण पडदा भरण्याचा पर्याय चालू राहिला असेल, तर हे वर्तुळ लंबगोल दिसते आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

उभ्या चित्रांच्या बाबतीत एक हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. १९२० बाय १०८० बिंदूंच्या आडव्या प्रोजेक्टरवर २:३ प्रमाणाचे उभे चित्र दाखवले की त्याच्या वाट्याला फक्त ७२० बाय १०८० बिंदू येतात. उरलेला भाग काळा राहतो. यंत्र कुशीवर वळवून बसवल्यास हे नुकसान टळते, पण प्रत्येक यंत्र तसे चालवता येत नाही. जुन्या दिव्याच्या यंत्रांत थंड हवेचा मार्ग ठरावीक स्थितीसाठीच आखलेला असतो, त्यामुळे माहितीपुस्तिकेत स्पष्ट परवानगी असल्याखेरीज ते कुशीवर चालवू नये.

ओपेक यंत्रासाठी चकचकीत फोटोपेक्षा साध्या कागदावरची प्रत बरी, कारण चकचकीत पृष्ठभागावर दिव्याचे प्रतिबिंब पडून मधोमध पांढरा डाग दिसतो. कागद काचेला सपाट चिकटला पाहिजे. पुस्तकाच्या शिवणीजवळचा फुगीर भाग कधीच स्पष्ट दिसत नाही, कारण तो फोकसच्या प्रतलातच नसतो. दिव्याची उष्णता बरीच असल्याने एकमेव असलेला जुना फोटो त्यात ठेवू नये.

तिसरे पाऊल: अंतर ठरवणे

डिजिटल यंत्राच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो दिलेला असतो. अंतराला चित्राच्या रुंदीने भागले की तो आकडा येतो. थ्रो रेशो १.२ असेल आणि यंत्र १.५ मीटरवर असेल, तर पूर्ण चित्र १.२५ मीटर रुंद पडेल. ही रुंदी यंत्राच्या पूर्ण आडव्या चौकटीची असते, उभ्या चित्राची नव्हे, हे विसरले की हिशेब चुकतो. आकार कमी-जास्त करायचा असेल तर स्टँड पुढे-मागे करावा किंवा लेन्सचे स्वतःचे झूम असल्यास ते वापरावे. मेनूतील डिजिटल झूमने चित्र लहान केले तर तितके बिंदू फुकट जातात, आणि मोठे केले तर कडा कापल्या जातात.

बारीक फेरफारासाठी त्रैराशिक पुरेसे आहे: १५० सेंटीमीटरवरून चित्र ५८ सेंटीमीटर रुंद पडत असेल आणि ६० हवे असेल, तर अंतर १५० गुणिले ६० भागिले ५८, म्हणजे सुमारे १५५ सेंटीमीटर हवे. ओपेक यंत्रात हे इतके सरळ नसते. तिथे लेन्स पुढे-मागे करून फोकस साधला की आकारही थोडा बदलतो. म्हणून स्टँड हलवणे, फोकस करणे आणि पुन्हा मोजणे ही फेरी दोन-तीनदा करावी लागते, आणि त्यात यंत्राचा काही दोष नसतो.

अंतर वाढवताना प्रकाशाचाही विचार करावा. चित्राची रुंदी आणि उंची दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो, म्हणजे उजेड एक चतुर्थांश होतो. ओपेक यंत्रे मुळात मंद असतात, त्यामुळे त्यांना जवळजवळ संपूर्ण अंधार लागतो. खोलीत काळोख करताना पेन्सिलची रेघ दिसेल इतका मिणमिणता दिवा कॅनव्हासच्या मागे किंवा बाजूला, त्यावर थेट प्रकाश पडणार नाही असा, ठेवावा.

चौथे पाऊल: समांतर करणे

नवखे लोक डोळ्यांवर विसंबतात ते इथेच. यासाठी एक छोटा सपाट आरसा, मास्किंग टेप आणि मोजपट्टी एवढेच साहित्य लागते. आरशावर टेप लावून मधोमध सुमारे २ सेंटीमीटरचा भाग उघडा ठेवावा. ओपेक यंत्र असेल तर आरसा कॅनव्हासच्या मध्यबिंदूवर सपाट दाबून धरावा; चित्र वर फेकणारे डिजिटल यंत्र असेल तर तो उभ्या मध्यरेषेवर, पण लेन्स चित्राच्या ज्या उंचीशी जुळते असे आधी नोंदवले होते त्या ठिकाणी धरावा. ती जागा कॅनव्हासच्या खालच्या कडेबाहेर येत असेल, तर कॅनव्हासवर एक सरळ फळी टेकवून ती खाली वाढवावी आणि आरसा त्या फळीवर धरावा. कॅनव्हास सैल असेल तर त्याच्या मागे पुठ्ठा द्यावा, नाहीतर बोटाच्या दाबाने तो आत जातो आणि मोजमाप खोटे ठरते.

यंत्रावर पांढरा किंवा उजळ पडदा लावला की आरशातून परतलेला प्रकाश यंत्राच्या आसपास सुमारे ४ सेंटीमीटरच्या कवडशाच्या रूपात दिसतो. लेन्समध्ये डोकावू नये. लेन्सभोवती मध्ये भोक पाडलेला पांढरा पुठ्ठा धरून कवडसा त्यावर पाहावा. कवडसा लेन्सच्या बरोबर भोवती पडला, तर लेन्स त्या बिंदूच्या लंबरेषेवर आहे. तो बाजूला पडला, तर कवडसा आणि लेन्स यांतील अंतराच्या निम्म्याने स्टँड कवडशाच्या दिशेने सरकवावा. लेन्सच्या उजवीकडे ७ सेंटीमीटरवर कवडसा असेल तर स्टँड साडेतीन सेंटीमीटर उजवीकडे. कवडसा वर असेल तर स्टँड तितका वर. ही पद्धत किती नाजूक आहे पाहा: कॅनव्हास फक्त १ अंशाने फिरला, तरी २ मीटरवरचा कवडसा सुमारे ७ सेंटीमीटर सरकतो. इतका कल डोळ्यांना जाणवतही नाही.

जागा पक्की झाल्यावर स्टँड न हलवता फक्त डोके फिरवून चित्राची मध्यफुली कॅनव्हासच्या उभ्या मध्यरेषेवर आणावी. ओपेक यंत्रात ती मध्यबिंदूवरच आली पाहिजे. डिजिटल यंत्रात ती आडव्या रेषेच्या थोडी वर किंवा खाली पडली, तर यंत्र झुकवू नये; स्टँडची उंची बदलावी, किंवा लेन्स शिफ्टची सोय असल्यास ती वापरावी. लेन्स शिफ्टमध्ये लेन्स सरकते पण प्रतले समांतरच राहतात, म्हणून त्याने आकार बिघडत नाही. उंची बदलल्यास कवडशाची परीक्षा नव्या जागी पुन्हा घ्यावी. शेवटी यंत्र स्वतःच्या अक्षाभोवती जरासे फिरवून चित्राची आडवी रेषा कॅनव्हासच्या आडव्या रेषेला मिळवावी.

पाचवे पाऊल: मोजून पडताळणे

आता चित्राच्या चौकटीच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजावेत. केवळ कर्ण मोजून थांबण्याची सवय बऱ्याच जणांना असते, आणि ती फसवी आहे. यंत्र फक्त वर किंवा खाली झुकले असेल तर चौकट समद्विभुज समलंब होते, आणि अशा आकृतीचे दोन्ही कर्ण समानच भरतात. म्हणून आधी वरची बाजू खालच्याशी, मग डावी उजवीशी आणि सर्वांत शेवटी कर्ण एकमेकांशी ताडून पाहावेत.

दोष कुठे आहे, हे बाजूच सांगतात. जी बाजू मोठी भरते ती यंत्रापासून जास्त दूर असते. वरची बाजू मोठी असेल तर यंत्र खालून वर पाहत आहे, किंवा कॅनव्हास मागे कलला आहे; स्टँड उंच करून यंत्र समतल करावे. डावी बाजू मोठी असेल तर यंत्र उजवीकडे उभे राहून डावीकडे पाहत आहे. स्टँड डावीकडे सरकवून तोंड उजवीकडे वळवावे. चारही बाजू बरोबर असूनही चित्र कॅनव्हासच्या कडांशी तिरके दिसत असेल, तर यंत्र केवळ स्वतःभोवती कललेले आहे. समोरासमोरच्या बाजूही असमान आणि कर्णही असमान असतील, तर बहुधा दोन दिशांचे दोष एकत्र आलेले असतात. त्यांतला एक आधी पूर्ण सुधारावा आणि मगच दुसऱ्याकडे वळावे. ६० सेंटीमीटर रुंदीत १ ते २ मिलिमीटरचा फरक राहिला तर तो सोडून द्यावा; तेवढी तर पेन्सिलची रेघच हलते.

एवढे करूनही कीस्टोन दुरुस्तीचा मोह होतोच, विशेषतः जागा अपुरी असताना. ही दुरुस्ती चित्र आत दाबून, बिंदूंची नव्याने मांडणी करून चौकट सरळ दाखवते. त्यामुळे काही बिंदू वाया जातात आणि बारीक रेषा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात. शिवाय यंत्र तिरकेच असल्याने फोकस एका टोकाला स्पष्ट आणि दुसऱ्या टोकाला पुसट राहतो. तो कुठलीच दुरुस्ती सुधारू शकत नाही. उंच भिंतीवर काम करताना दुसरा इलाजच नसेल तेव्हाच ती वापरावी. स्वयंचलित कीस्टोन आणि स्वयंचलित फोकस मात्र सर्वच परिस्थितीत बंद ठेवावेत, कारण स्टँडला जरा धक्का लागला की ही यंत्रे स्वतःहून पुन्हा जुळवणी करतात आणि आधी काढलेल्या रेषांशी चित्राचा मेळ राहत नाही.

सहावे पाऊल: फोकस आणि खुणा

यंत्र गरम होताना लेन्सचा फोकस किंचित सरकतो. त्यामुळे ते चालू करून दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत आणि मगच अंतिम फोकस करावा. फोकससाठी फोटोतला चेहरा पाहू नये. बारीक अक्षरे किंवा फुलीची रेघ पाहावी, आणि तीही मध्यावर व चारही कोपऱ्यांत. कोपरे पुसट असतील तर मध्याची स्पष्टता किंचित कमी करून सगळीकडे सारखी तडजोड साधावी.

यानंतर स्टँडच्या प्रत्येक पायाभोवती आणि ईझलच्या पायांभोवतीही जमिनीवर टेपने खुणा कराव्यात. वायर स्टँडच्या पायाला एक वेढा देऊन जमिनीवर टेपने चिकटवावी, म्हणजे पाय अडखळला तरी ताण थेट यंत्रावर येणार नाही. मोबाइलवरून चित्र दाखवत असाल तर पडदा आपोआप बंद होणे, फिरणे आणि सूचना झळकणे हे सगळे बंद करावे. पेनड्राइव्हवरून चित्र दाखवता आले तर ते अधिक निर्धास्त.

कॅनव्हासवर सर्वांत आधी त्या चार छोट्या फुल्या गिरवाव्यात, चित्राची एकही रेघ त्याआधी काढू नये. दर थोड्या वेळाने प्रकाशातल्या फुल्या आणि पेन्सिलच्या फुल्या एकमेकींवर आहेत ना, हे पाहावे. सरकल्या असतील तर चित्र रेषांशी ओढूनताणून जुळवण्याऐवजी फुल्यांशी जुळवावे.

ट्रेसिंग करताना

स्वतःची सावली हा कायमचा अडसर असतो. उजव्या हाताने काढणाऱ्याने चित्राच्या डावीकडे उभे राहून हात उजवीकडे पोहोचवावा; डावखुऱ्याने याच्या उलट करावे. शरीर झोताबाहेर राहते आणि फक्त हाताची सावली पडते. पेन्सिल शेवटाकडे धरली की ती सावलीही थोडी लांब जाते. खालून चित्र वर फेकणाऱ्या यंत्राच्या झोतात बसलेल्या माणसाचे डोके फार आड येते. अशा वेळी यंत्र उलटे टांगून वरून चित्र पाडणे सोयीचे असते, मात्र त्यासाठी छताला लावण्याचा पर्याय मेनूत निवडावा लागतो.

टेबलावरच्या आडव्या कागदावर वरून चित्र पाडायचे असेल तर आडव्या दांड्याचा स्टँड लागतो, आणि तिथे फक्त हलकी यंत्रेच लावावीत. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला प्रतिभार असलाच पाहिजे. ओपेक यंत्रात लेन्सच्या मध्यावरून दोरा सोडला की खाली चित्राचा मध्य कुठे हवा ते आपोआप कळते; चित्र वर फेकणाऱ्या डिजिटल यंत्रात मात्र आधी नोंदवलेला फरक धरावा. बाकीची पडताळणी वरच्याप्रमाणेच.

प्रत्येक छटेमागे धावू नये. बाह्यरेषा, डोळे-नाक-ओठांच्या मुख्य जागा, सावलीच्या मोठ्या सीमा आणि कपड्यांच्या ठळक घड्या एवढे पुरते. बारकावे नंतर नजरेने पाहून रेखाटल्यास चित्र निर्जीव दिसत नाही. मधूनमधून लेन्ससमोर पुठ्ठा धरून नुसत्या रेषा पाहाव्यात, कारण प्रकाश असताना काय राहिले आहे ते दिसत नाही. त्यासाठी यंत्र बंद-चालू करू नये. बटण दाबतानाही स्टँड हलतो.

काम संपल्यावर डिजिटल यंत्र त्याच्या बटणानेच बंद करावे आणि पंखा थांबेपर्यंत वीज तोडू नये. ओपेक यंत्राचा दिवा आणि आतला भाग पूर्ण थंड होईपर्यंत ते उचलू नये. यंत्र काढले तरी जमिनीवरच्या टेपच्या खुणा लगेच उखडू नयेत. रंगाचा पहिला थर चढवताना एखादी रेघ बुजली, तर स्टँड त्याच खुणांवर ठेवून आणि चार फुल्या जुळवून तेवढाच भाग पुन्हा काढता येतो.